चेस्ट गार्डची दुसरी बाजू : तायक्वांदोच्या एका वर्गातली गजकर्णाची साथ

पार्श्वभूमी

आठवड्यातून चार दिवस भरणारा, दीड तासाचा तायक्वांदोचा वर्ग. पटावर ३१ मुलं-मुली, वय ९ ते १७. मुख्य प्रशिक्षक सर, आणि सहाय्यक म्हणून मी. साहित्याची जबाबदारीही माझ्याकडेच होती, म्हणून हे प्रकरण मीच लिहिते आहे. मुलांची ओळख पटू नये यासाठी त्यांच्याबद्दलचे काही तपशील बदलले आहेत.

माउथ गार्ड आणि ग्रोइन गार्ड ज्याचं त्याचं. बाकी सगळं सामायिक: १२ चेस्ट गार्ड, १४ हेड गार्ड, हाता-पायाच्या गार्डच्या २० जोड्या. हेड गार्डपैकी तिघांना समोर पॉलिकार्बोनेट या कडक प्लास्टिकची पारदर्शक काच होती. वर्ग संपला की हे सगळं दोन मोठ्या बॅगांत कोंबायचं, चेन लावायची, बॅगा कपाटात ढकलायच्या. महिन्यातून एकदा ओल्या फडक्यानं पुसायचं आणि वास फारच यायला लागला तर सुगंधी फवारा मारायचा, एवढीच आमची स्वच्छता.

आमची चेस्ट गार्ड दुहेरी होती, एक बाजू लाल आणि दुसरी निळी. सामन्यात एक खेळाडू लाल, दुसरा निळा, म्हणून गार्ड उलटवून घालता येतं. ही सोय वाटते, आणि आहेही. तिचा दुसरा अर्थ आमच्या लक्षात यायला दोन महिने गेले.

अडचण कशी समोर आली

सुरुवात १३ वर्षांच्या एका मुलापासून झाली. हनुवटीखाली गोल लाल चट्टा, कडा किंचित उचललेली आणि खवले धरलेली, मधला भाग जवळजवळ स्वच्छ. गजकर्णाची शंका यायला एवढं पुरे होतं. पण घरच्यांनी घरात पडलेलं मलम लावलं आणि त्यात स्टेरॉइड होतं. आठवड्याभरात लाली गेली, खाज थांबली, मुलगा परत आला. स्टेरॉइडनं फक्त दाह दबतो, बुरशी मरत नाही. उलट ती निवांत पसरते आणि चट्ट्याची ओळखीची गोल कडाही पुसली जाते. त्यामुळे तो ‘बरा’ झालेला मुलगा पुढचे तीन आठवडे रोज आमचं हेड गार्ड बांधत होता.

त्यानंतर एका मुलीच्या मानेवर. मग दोन भावांच्या गळ्याच्या खाचेत. सातवा मुलगा सापडला तेव्हा त्याची आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, घरात कुणालाच नाही. इथूनच आलंय." मी म्हटलं, उन्हाळा आहे, घाम येतो, होतं असं. ते वाक्य आजही मला टोचतं. त्या बाईंना उत्तर द्यायला माझ्याकडे काहीच माहिती नव्हती, म्हणून मी हवामानाला पुढे केलं.

पहिला निर्णय इथेच घ्यायचा होता, आणि तो आम्ही घेतला नाही. सातही मुलांचे चट्टे हनुवटी, मान आणि गळा एवढ्याच पट्ट्यात होते. गणवेशानं झाकलेल्या छाती-पोटावर एकालाही नाही. एका कागदावर माणसाची आकृती काढून खुणा केल्या असत्या तरी पाच मिनिटांत कळलं असतं, की जिथे हेड गार्डचा पट्टा आणि चेस्ट गार्डची वरची कड कातडीला लागते, नेमके तिथेच चट्टे आहेत.

घाईत केलेले दोन उपाय

सातव्या मुलानंतर सर घाबरले, मीही घाबरले. त्याच संध्याकाळी आम्ही बादलीत ब्लीच ओतलं, अंदाजानं. बाजारात मिळणाऱ्या ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट साधारण ५ टक्के असतं. पृष्ठभागांसाठी ०.१ टक्का पुरतं, म्हणजे एक लिटर द्रावणात २० मिलिलिटर. आमच्या बादलीत त्याच्या कितीतरी पट असावं, कारण डोळे चुरचुरत होते. त्यातच मदतीला आलेले एक पालक काच पुसायचा द्रव त्याच बादलीत टाकायला निघाले. सरांनी त्यांचा हात धरला. अशा द्रवांत बऱ्याचदा अमोनिया असतो आणि ब्लीचशी मिसळला की क्लोरामाइनचा विषारी वायू सुटतो. बंद खोलीत तेव्हा चार मुलंही होती.

तोच काच पुसायचा द्रव मग हेड गार्डच्या काचांवर मारला गेला. काचा लखलखल्या. दहा-बारा दिवसांनी मी एक काच दिव्यासमोर धरली, तर स्क्रूच्या भोकांभोवती केसासारख्या बारीक रेषा उमटलेल्या. पॉलिकार्बोनेट मार सोसतं, पण अमोनिया, अॅसिटोन असल्या रसायनांपुढे टिकत नाही. जिथे ताण असतो, म्हणजे स्क्रूपाशी, तिथून तडकायला लागतं. तिन्ही काचा बाद केल्या. चेहऱ्याचं रक्षण करणारी वस्तू आम्हीच साफ करता करता कमकुवत केली होती आणि मुलांनी त्या मधल्या दिवसांत ती घातलीही होती.

ब्लीचनं पट्ट्यांचं इलॅस्टिक सैल पडलं, वेल्क्रो पिवळं झालं. शिवाय आम्ही गार्ड नुसती वाळवली, स्वच्छ पाण्यानं पुसलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी पाच मुलांच्या हनुवटीवर लाल पुरळ. पालकांच्या ग्रुपवर एकच हलकल्लोळ, साथ पसरली म्हणून. ती साथ नव्हती. त्वचारोगतज्ज्ञांनी पाहताक्षणी सांगितलं, ही रसायनानं झालेली जळजळ आहे. फरक त्यांनी मला नीट समजावला: रसायनाचं पुरळ काही तासांत उठतं, त्यात खाजेपेक्षा आग जास्त आणि त्याचा आकार पट्ट्यासारखा. गजकर्ण संसर्गानंतर साधारण ४ ते १४ दिवसांनी दिसतो आणि गोल कडेनं बाहेर वाढत जातो. हे आधी माहीत असतं तर एक अख्खा आठवडा गैरसमजात गेला नसता.

खडूची चाचणी

वर्ग आम्ही चार दिवस बंद ठेवला. त्या काळात मला एकच प्रश्न सतावत होता. गजकर्णाची बुरशी आली कुठून, हे एक वेळ न कळलं तरी चालेल; पण ती मानेपर्यंत पोचते कशी?

वर्ग सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी, मोठ्या वयाच्या, त्वचा निरोगी असलेल्या आठ मुलांना घेऊन मी एक साधी गोष्ट केली. दोघांच्या तळपायांना निळ्या खडूची पूड चोळली आणि नेहमीसारखा सराव करायला सांगितला: दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्या, फेरी संपली की गार्ड पुढच्या जोडीला, रंग बदलायचा असेल तर उलटवून.

चाळीस मिनिटांनी एका मुलीला दिव्याखाली उभं केलं. ती त्या दोघांपैकी कुणाशीच खेळली नव्हती. तिच्या गळ्याच्या खाचेत, हनुवटीखाली आणि गणवेशाच्या कॉलरच्या आतल्या कडेला निळी रेघ होती. बोटानं पुसली तर बोट निळं.

मार्ग सरळ होता. तायक्वांदो अनवाणी खेळतात. लाथ चेस्ट गार्डच्या बाहेरच्या बाजूला बसते. गार्ड उलटवलं की तीच बाजू पुढच्या मुलाच्या अंगाकडे येते आणि आधीच्याच्या घामानं भिजलेली बाजू बाहेर जाते, पुढच्या लाथेसाठी. म्हणजे एकाचा पाय आणि दुसऱ्याचा गळा यांच्यामध्ये जे गार्ड होतं, ते उलटवून आम्हीच त्यांची गाठ घालून देत होतो.

मग सगळ्यांचे पाय पाहिले. ३१ पैकी ७ जणांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या: पांढरी, भिजल्यासारखी, सोललेली कातडी. पायांना चिखल्या करणारी बुरशी आणि अंगावर गजकर्ण उठवणारी बुरशी बहुतेक वेळा एकाच कुळातली, कित्येकदा तीच. त्या सातांपैकी चौघांना मानेवर काहीही नव्हतं, म्हणून त्यांच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

सामायिक साहित्य हा दुवा नवा नाही. २००३ साली अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं खेळाडूंमधल्या त्वचासंसर्गाच्या काही घटना नोंदवल्या. तो जंतू वेगळा होता, प्रतिजैविकांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस. त्यात कोलोरॅडोतल्या तलवारबाजीच्या एका क्लबचा समावेश होता. तलवारबाजीत खेळाडू एकमेकांना फारसे भिडतही नाहीत. पण कपड्यांच्या आतून घालायच्या सेन्सरच्या वायर तिथे सगळ्यांत मिळून वापरल्या जात होत्या आणि त्या साफ करण्याचं कुठलंही वेळापत्रक नव्हतं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या बॅगाच आठवल्या.

समोर असलेले पर्याय

सगळं टाकून नवीन घ्यावं, हा पहिला विचार. मनाला बरा वाटणारा, पण सवयी त्याच राहिल्या तर नवं साहित्य दोन महिन्यांत जुन्याच वळणावर जातं. शिवाय पैसे नव्हते.

प्रत्येकानं आपापलं आणावं, हा सर्वांत स्वच्छ मार्ग. सरांचा कल तिकडे होता. मी विरोध केला, कारण पटावरच्या नऊ मुलांना ते परवडणार नव्हतं आणि ती मुलं काही न बोलता वर्ग सोडून गेली असती. यावर आमचं बरंच बोलणं झालं, थोडं चढ्या आवाजातही.

एका पालकांनी अतिनील किरणांचं कपाट सुचवलं. अतिनील किरण जिथे थेट पडतात तिथलेच जंतू मारतात. हेड गार्डच्या कानाच्या भोकांत, पट्ट्याच्या घडीत, हातमोज्याच्या बोटांत सावलीच असते, आणि घाण तर तिथेच साठते. ओझोनचं यंत्र कानाकोपऱ्यांत पोचतं, पण ओझोन रबराला चिरा पाडतो आणि फुप्फुसांना घातक असतो. दोन्ही नको म्हटलं.

उरला चौथा मार्ग: साहित्य काही अंशी सामायिकच ठेवायचं, पण एका दिवसात एका गार्डला एकच अंग लागेल अशी व्यवस्था लावायची आणि मधल्या वेळात ते खरोखर साफ आणि कोरडं करायचं. यात मेहनत सगळ्यांत जास्त होती आणि सरावाचा वेळ कमी होणार होता. स्पर्धा सहा आठवड्यांवर होती. सरांना हे मान्य करणं जड गेलं. त्यांनी एक रात्र मागून घेतली आणि सकाळी फोन करून हो म्हणाले.

काय केलं

आधी माणसं. चिखल्या असलेल्या आणि चट्टे असलेल्या सगळ्यांना डॉक्टरांकडे पाठवलं, स्टेरॉइड असलेलं कुठलंही मलम स्वतःच्या मनानं लावायचं नाही असं पालकांना लेखी कळवलं. अमेरिकेतल्या शालेय कुस्तीत अंगावरच्या गजकर्णाला किमान ७२ तास उपचार झाल्याशिवाय खेळू देत नाहीत. आम्ही तेवढं किमान धरलं आणि वर डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. त्वचा पाहायची ती एकेकाला आडोशाला बोलावून, मुलींची मी, मुलांची सरांनी, आणि पालक हवे असतील तर त्यांच्यासमोर. नाव पुकारायचं नाही. पहिल्या मुलाला इतर पोरं ‘गजकर्ण’ म्हणून हाक मारायला लागली होती आणि तो येईनासा झाला होता, त्यामुळे ही दक्षता.

मग साहित्य. सगळं जमिनीवर पसरून हातानं चाचपलं. पाच हेड गार्डच्या फोमवरचा गुळगुळीत थर फुटून आतला स्पंज उघडा पडला होता. जंतुनाशकाच्या बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं असतं, कठीण आणि छिद्रं नसलेल्या पृष्ठभागासाठी. उघडा स्पंज घाम पितो आणि औषध आत पोचू देत नाही. ती पाच बाद. दोन चेस्ट गार्डच्या कडेची शिवण उसवलेली, तीही बाद. उरलेल्यांपैकी एकाच्या मागच्या कापडी पट्ट्या मी मुठीत दाबल्या: शेवटचा वापर होऊन दीड दिवस झाला होता आणि तळहात ओला झाला. वास तर असा, की तोंड फिरवावं लागलं. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. कातडीवरचे जीवाणू तो पचवून आम्लं तयार करतात, तो हा वास. म्हणजे आमचा सुगंधी फवारा जीवाणूंचा पुरावा झाकत होता.

दर वर्गानंतरचं काम मग असं ठरलं. मऊ आवरणाच्या गार्डवरून आधी कोमट पाणी आणि सौम्य साबणाचा फडका फिरवायचा. हा टप्पा सगळे गाळतात आणि तिथेच फसतात: घाम, तेलकटपणा आणि मातीचा थर असला की जंतुनाशकाचा जोर त्या थरावरच खर्च होतो. नंतर साबण पुसून काढायचा. मग क्वाटर्नरी अमोनियम गटातलं, बुरशीवर चालतं असं लेबलवर लिहिलेलं जंतुनाशक.

लेबलवर दहा मिनिटं लिहिलं होतं. दहा मिनिटं पृष्ठभाग ओला राहायला हवा. मी घड्याळ घेऊन उभी राहिले. पंखा सुरू होता, चौथ्या मिनिटाला गार्ड कोरडं. आजवर आपण वीस सेकंदांत पुसून मोकळे होत होतो. पंखा बंद केला, दोनदा पुन्हा ओलं केलं, तेव्हा कुठे दहा मिनिटं भरली. आणखी एक गोष्ट कळली: सुती फडका या गटातलं औषध स्वतःमध्येच धरून ठेवतो, गार्डवर पाणीच जास्त उतरतं. म्हणून मायक्रोफायबरचे फडके आणले. दहा मिनिटांनंतर स्वच्छ पाण्याचा फडका, म्हणजे हनुवट्या पुन्हा जळायला नकोत. आणि मग पंखा पूर्ण वेगात.

चेस्ट गार्डच्या कापडी पट्ट्या निघत नाहीत. त्यासाठी गार्ड टबाच्या काठावर आडवं ठेवायचं आणि फक्त पट्ट्या साबणाच्या पाण्यात सोडायच्या, चोळायच्या, पिळायच्या. लाथ नोंदवणारे सेन्सर असलेली दोन गार्ड फक्त पुसायची, पाण्याजवळ न्यायची नाहीत. हाता-पायाची कापडी गार्ड वेल्क्रो बंद करून जाळीच्या पिशवीत, ४० अंशांवर मशिनमध्ये. फॅब्रिक सॉफ्टनर नाही, कारण त्यानं धाग्यांवर थर बसतो आणि घाम शोषला जात नाही. ड्रायर नाही, कडक ऊनही नाही, फोम आणि गोंद दोन्ही उष्णतेनं खराब होतात. नव्यानं आणलेल्या काचांना फक्त सौम्य साबण आणि पाणी.

बॅगा रद्द. भिंतीवर दोन दांडे ठोकले आणि प्रत्येक गार्ड सुटं, उघडं, पंख्यासमोर टांगायला सुरुवात केली. मला विचाराल तर या सगळ्यांत जास्त गुण या दांड्यांनी दिला असावा. कोरड्यावर बुरशी आणि जीवाणू वाढत नाहीत.

चेस्ट गार्ड उलटवणं बंद. निळ्या बाजूवर पांढऱ्या टेपनं ‘अंगाकडची बाजू’ लिहिलं; रंगासाठी कमरेला लाल किंवा निळी रिबीन. दहा गार्ड, दिवसाला दहाच मुलं लढतीच्या सरावाला, बाकीची पॅडवर. चार दिवसांत सगळ्यांची एकेक पाळी येते. हेड गार्ड आणि हाता-पायाची गार्ड ज्यांना शक्य त्यांनी स्वतःची आणली. उरलेल्या नऊ जणांना वर्गाच्या नऊ हेड गार्डपैकी एकेक नाव घालून कायमचं दिलं. कुणाचं घरचं आणि कुणाचं वर्गाचं, हे पाहून कळत नाही, कारण नावाच्या पट्ट्या सगळ्यांवर सारख्याच शिवल्या.

निष्पत्ती

पुढच्या तीन आठवड्यांत दोन नवे रुग्ण मिळाले, एकूण नऊ. त्यांतल्या एकाच्या घरी धाकट्या बहिणीलाही होता. त्यानंतरच्या चार महिन्यांत एकही नाही. यातलं किती श्रेय पायांवरच्या उपचारांचं आणि किती साहित्याचं, हे मला वेगळं काढता येत नाही, कारण दोन्ही एकाच आठवड्यात सुरू झालं.

स्पर्धेसाठी सराव कमी पडला, हे खरं. दोन मोठी मुलं त्यामुळे नाराज होती आणि त्यांची नाराजी योग्य होती. पहिला मुलगा परत आला नाही. सर त्याच्या घरी दोनदा जाऊन आले.

रोजचं काम आता २५ मिनिटांचं आहे. सुरुवातीला मी एकटी करायचे; आता लढतीच्या पाळीतली दहा मुलं आपापलं गार्ड स्वतः साफ करतात आणि मी घड्याळ बघते. दहा वर्षांची एक मुलगी परवा मला म्हणाली, "ताई, अजून दोन मिनिटं ओलं ठेवायचंय, पंखा लावू नका."

पुन्हा वेळ आली तर

पहिला चट्टा दिसल्या दिवशी सगळ्यांचे पाय पाहीन. आम्ही मान पाहत राहिलो आणि दोन महिने वाया गेले.

त्या आईला "हवामान" असं उत्तर देणार नाही. माहीत नाही, शोधते, असं म्हणेन आणि आकृतीवर खुणा करायला घेईन.

कुठलंही रसायन आधी एकाच जुन्या गार्डवर लावून आठवडाभर पाहीन, आणि साहित्यासोबत आलेली सूचनापत्रं जपून ठेवीन. काचांसोबत आलेल्या कागदावर फक्त साबण-पाणी वापरा असं छापलेलं होतं. तो कागद मला कपाटाच्या तळाशी सापडला, काचा तडकल्यानंतर.

खडूची चाचणी आता दर तीन महिन्यांनी करते. मागच्या खेपेला गळे स्वच्छ निघाले, पण निळी पूड एका नव्या जागी दिसली: हेड गार्डच्या कानाच्या भोकांच्या आतल्या कडेला. फडका तिथे पोचतच नाही. सध्या मऊ ब्रशनं ती भोकं एकेक करून घासतो आहोत.